बेचैनी म्हणजे वेग नव्हे

अमेरिकेच्या पश्चिम व नैर्ऋत्य प्रांतांत रोडिओच्या मैदानाभोवती वावरणाऱ्या स्वारांमध्ये एक समजूत इतकी खोल रुजलेली आहे की, तिचे समर्थन करण्याचीही कोणास आवश्यकता वाटत नाही. पिंपांच्या शर्यतीचा, म्हणजे बॅरल रेसिंगचा, घोडा तापट असलाच पाहिजे. मैदानाच्या तोंडाशी ज्याच्या अंगाला फेस येत नाही, जो तिरपा होऊन मागे सरत नाही, दोन पायांवर उभा राहत नाही, त्याच्या ठिकाणी जिंकण्याची धमक नाही. आणि अशा घोड्याचे चित्त शांत करण्याचा उद्योग म्हणजे त्याच्या वेगावर आपल्याच हातांनी पाणी ओतणे होय, असे ही समजूत सांगते. अनुभवी म्हणविणारी माणसे हे मत नवख्या मुलींच्या गळी उतरवितात, आणि त्या मुली पुढे दोघाचौघांच्या मदतीने, चाबकाच्या फटकाऱ्यांनी आपला घोडा मैदानात ढकलू लागल्या की आपण एका थोर परंपरेत रुजू झालो असे त्यांना वाटू लागते. हे मत निर्दय आहे यात शंका नाही. परंतु निर्दयतेहूनही त्याचा मूलभूत दोष हा की ते असत्य आहे, आणि ज्या वेगाच्या नावाने ते सांगितले जाते त्या वेगाचाच ते घात करते. हे सप्रमाण दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे इष्ट होईल. मैदानात तीन रिकामी पिंपे त्रिकोणात मांडलेली असतात. प्रमाण मांडणीत पहिल्या दोन पिंपांमध्ये ९० फूट, त्या दोहोंपासून तिसऱ्यापर्यंत १०५ फूट, आणि आरंभरेषेपासून पहिल्या दोन पिंपांच्या रेषेपर्यंत ६० फूट अंतर असते. स्वाराने भरधाव येऊन एका पिंपाला एका अंगाने व उरलेल्या दोहोंना विरुद्ध अंगाने वळसा घालावयाचा, बेलाच्या त्रिदलासारखी आकृती पुरी करावयाची, आणि सरळ रेषेत परत आरंभरेषा ओलांडावयाची. प्रमाण मांडणीवर उत्तम घोडा हे सारे सुमारे १७ सेकंदांत उरकतो; पिंप पडले तर प्रत्येकी ५ सेकंदांचा दंड होतो, आणि वरच्या श्रेणीतील निकाल सेकंदाच्या शतांशांवर लागतो. १९४८ मध्ये टेक्सासमधील सॅन अँजेलो येथे ३८ स्त्रियांनी एकत्र येऊन जी संस्था स्थापिली तीच आजची विमेन्स प्रोफेशनल रोडिओ असोसिएशन होय, आणि या खेळाला जी प्रतिष्ठा लाभली ती बव्हंशी तिच्या कारकिर्दीत लाभली. मैदानात शिरण्यासाठी पुष्कळ ठिकाणी कठड्यांमधून जाणारा एक अरुंद बोळ असतो. घोडा बुजतो, अडतो, उधळतो तो मुख्यत्वे याच बोळात. म्हणून या वादाचे खरे रणक्षेत्रही तोच होय.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत समर्थ रूपात मांडून मगच त्याला उत्तर द्यावे, हा वादाचा जुना शिरस्ता आहे. त्या म्हणण्याची तीन अंगे आहेत. पहिले असे की, नामांकित घोडे तापटच असतात, हा पिढ्यांचा अनुभव आहे. दुसरे असे की, उत्तेजनाने शरीर धावण्यास सिद्ध होते. हृदयाची गती वाढते, प्लीहा आकुंचन पावून साठविलेल्या तांबड्या रक्तपेशी रक्तप्रवाहात सोडते, आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती वाढते, तेव्हा उत्तेजन नाहीसे करणे म्हणजे ही सिद्धता नाहीशी करणे. तिसरे असे की, घोडा अडला असता त्याला गोंजारणारा स्वार त्याला अडण्याचेच शिक्षण देत असतो, आणि म्हणून तेथे सक्तीवाचून दुसरा उपाय नाही. या तिन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे तग धरून आहेत.

पहिल्या म्हणण्यातील निरीक्षण खरे आहे. चूक आहे ती अनुमानात. बेचैन असूनही जे घोडे जिंकले ते आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्याच बेचैनीपायी ज्यांनी मैदानाचे तोंड पाहणे सोडले, जे दर हंगामाला हातोहात विकले गेले, ज्यांनी कठड्यावर स्वाराचा गुडघा चिरडला आणि अखेर निरुपयोगी ठरले, त्यांची नोंद कोणत्याच दप्तरात राहत नाही. विजेत्यांकडे पाहून नियम ठरविणारा मनुष्य जमेची बाजू वाचतो आणि खर्चाची बाजू फाडून टाकतो. शिवाय तो उत्सुकता आणि भय या दोन भिन्न अवस्थांना एकाच नावाने हाक मारतो. उत्सुक घोड्याकडे जवळून पाहावे. त्याचे कान पुढे, पहिल्या पिंपाच्या रोखाने लागलेले असतात. तो पाय बदलतो, लगामावर किंचित भार देतो, परंतु स्वाराने हात सैल केला तर जागच्या जागी उभा राहतो, आणि त्याच्या मानेवर तळहात टेकला तर खालचा स्नायू मऊ लागतो. भ्यालेल्या घोड्याचे कान भिरभिरत असतात किंवा मानेला चिकटलेले असतात, डोळ्यातील पांढरे दिसू लागते, जबडा लगामाच्या लोखंडावर आवळलेला असतो, शेपटी पुठ्ठ्याशी घट्ट दाबलेली असते किंवा सारखी फटकारे मारीत असते, आणि शर्यतीचे एक पाऊलही पडण्यापूर्वी तंगाच्या कडेने घामाचा पांढरा फेस दाटलेला असतो. या दोन प्राण्यांना ‘तापट’ या एकाच सदरात नोंदविणे म्हणजे भूक आणि पोटशूळ यांना एकच विकार समजणे होय.

या संबंधात स्कॅम्परचे उदाहरण प्रतिपक्षाकडून वारंवार पुढे केले जाते, म्हणून त्याचा विचार करणे प्राप्त आहे. न्यू मेक्सिकोतील क्लेटन येथील चार्मेन जेम्स हिने या घोड्यावर १९८४ ते १९९३ अशी सलग दहा जागतिक अजिंक्यपदे मिळविली, आणि त्यांतील पहिल्याच्या वेळी ती अवघी चौदा वर्षांची होती. हा घोडा तिच्याकडे येण्यापूर्वी स्वाराला पाठीवरून उडविणारा म्हणून बदनाम होता, हे खरेच. पण त्याच्या आयुष्यातील जो प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहिला तो काय सांगतो? १९८५ च्या राष्ट्रीय अंतिम रोडिओत एका फेरीला त्याच्या डोक्यावरचा लगामाचा साज धावता धावता निसटला. त्याच्या तोंडावर स्वाराची म्हणावी अशी सत्ता उरली नाही; हजारो प्रेक्षकांचा गलका, दिवे, ध्वनिक्षेपक, हे सारे जेथल्या तेथे होते; आणि तरीही तो तिन्ही पिंपांना वळसे घालून परतला व ती फेरी जिंकला. भयाने पळणारा घोडा लगाम सुटताच दिशा सोडतो. ज्याचे चित्त कामावर स्थिर आहे असाच घोडा लगामावाचून आपले काम पुरे करू शकतो. प्रतिपक्षाने आपल्या बाजूने उभा केलेला हा साक्षीदार माझीच बाजू मांडतो.

दुसरे म्हणणे शरीरशास्त्राचे आहे. स्वस्थ उभ्या घोड्याचे हृदय मिनिटाला ३० ते ४० वेळा ठोके देते, आणि भरधाव दौडीत ती संख्या २२० च्याही वर जाते. प्लीहेच्या आकुंचनाचे वर्णनही यथार्थ आहे. परंतु हे आकुंचन घडवून आणण्यास बोळात अर्धा तास थरथरण्याची आवश्यकता नसते. व्यवस्थित अंग मोकळे केलेला घोडा धावू लागताच ते आपोआप होते. उलट, भयाने स्नायू आखडतात, मान उंच व ताठ होते, पाठ खोल जाते, आणि येथेच या खेळाच्या यंत्रणेशी त्याचा विरोध येतो. पिंपांची शर्यत ही सरळ रेषेतील धाव नव्हे. प्रत्येक वळणापूर्वी घोड्याला टापेचा आवाका आखडता घ्यावा लागतो, शरीराचा भार मागच्या पायांवर घ्यावा लागतो, बरगड्यांतून पिंपाभोवती वाकावे लागते आणि मग त्याच मागच्या पायांच्या रेट्याने पुढच्या पिंपाकडे झेप घ्यावी लागते. डोके आभाळात आणि पाठ खोल असलेला घोडा यांतील एकही गोष्ट करू शकत नाही. तो पहिल्या पिंपावरून पुढे निसटतो, रुंद वळतो, किंवा ऐन वेळी खेचला गेल्यामुळे खांद्याने पिंपावर आदळतो. रुंद वळणात गेलेले दशांश पुढे कितीही जोराने धावून भरून निघत नाहीत, आणि पडलेल्या पिंपाचे ५ सेकंद तर शतांशांच्या या खेळात अनंतकाळच होत. सरळ मार्गावर भयाने मिळविलेली क्षुल्लक बचत वळणावर सव्याज परत करावी लागते; मग या बेचैनीला वेगाचा उगम म्हणावे की वेगाची गळती, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

तिसरे म्हणणे शिस्तीचे आहे, आणि त्याचा परामर्श अधिक काळजीपूर्वक घेतला पाहिजे, कारण प्रामाणिक माणसे याच म्हणण्यापाशी अडखळतात. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. टाच लागली, त्याने पाऊल पुढे टाकले आणि टाच तत्क्षणी निघाली, की पाऊल टाकणे हेच त्या टाचेचे उत्तर होय, असे तो समजतो. म्हणून घोडा दोन पायांवर उभा राहिला असता घाबरून त्याला बोळातून मागे फिरविणारा स्वार त्याला उभे राहण्याचेच बक्षीस देतो, ही प्रतिपक्षाची हरकत योग्य आहे. पण तिच्यातून चाबकाचा निष्कर्ष कसा निघतो? जो घोडा पुढे जाण्यास भितो त्याला मागून फटके बसू लागले तर पुढे भय आणि मागे वेदना अशा कात्रीत तो सापडतो, आणि कोणत्या हालचालीने सुटका होईल हे त्याला कळत नाही. मग वर उसळणे एवढीच एक दिशा त्याच्यापुढे मोकळी राहते. खंबीरपणा म्हणजे सुटकेचा क्षण अचूक निवडणे. घोड्याने अर्धे पाऊल जरी पुढे टाकले तरी दाब काढून घ्यावा, त्याला तेथेच उभे राहू द्यावे, डोके खाली आले, दीर्घ श्वास सुटला की मगच पुढचे अर्धे पाऊल मागावे. याला लाड म्हणणाऱ्यांनी हे काम स्वतः करून पाहावे. चाबूक उगारण्यापेक्षा यास कितीतरी अधिक निग्रह लागतो.

आणि मुळात घोड्याला बोळाची भीती वाटते ती का? तो काही ती घेऊन जन्माला आलेला नसतो. पाव्हलोव्हच्या कुत्र्यांची हकीकत आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. घंटेमागून अन्न येते हे कळल्यावर त्यांच्या तोंडाला घंटेनेच लाळ सुटू लागली. ज्या घोड्याच्या आयुष्यात बोळामागून दर वेळी टाचांचा मारा, चाबूक, जबड्यावरचे हिसके आणि जीव तोडून धाव एवढेच आले, त्याला बोळ दिसताच कापरे भरले तर त्याने आपला धडा उत्तम गिरविला असेच म्हटले पाहिजे. तो धडा आपण दिला आणि त्याची तोहमत मात्र घोड्याच्या स्वभावावर ठेवली, यासारखा अन्याय नाही.

याहून गंभीर बाब वेदनेची आहे. घोड्याचे जठर अखंड आम्ल स्रवत असते, कारण निसर्गाने त्याला दिवसभर चरणारा प्राणी म्हणून घडविले आहे. जठराच्या वरच्या भागाला त्या आम्लापासून फारसे संरक्षण नसते, आणि रिकाम्या पोटी धावताना उदराच्या दाबाने ते आम्ल नेमके त्याच भागावर उसळते. लांबचा प्रवास, गाडीत तासन् तास वैरणीवाचून उभे राहणे, आणि उतरल्यावर लगेच स्पर्धा, या क्रमाने जठरव्रण होण्यास किती अवकाश लागणार? मागच्या पायांच्या सांध्यांची सूज, ओटीपोटाच्या हाडांना धरून असलेले कंबरेचे दुखणे, खुपणारे खोगीर, लगामाच्या लोखंडाला भिडणारा दात, भरधाव दौडीने फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून होणारा रक्तस्राव, यांपैकी प्रत्येक कारणाने धावणे आणि दुखणे यांची गाठ घोड्याच्या मनात पक्की बसते. त्यात फ्युचरिटी नावाच्या स्पर्धांतून चार-पाच वर्षांची कोवळी जनावरे उतरविली जातात, ज्यांच्या कण्याच्या हाडांची वाढही पूर्ण झालेली नसते. अशा घोड्याचे बोळात अडणे ही त्याने आपल्यापुढे ठेवलेली कैफियत असते. पशुवैद्याकडून तपासणी करून घेण्यापूर्वी तिला चाबकाने उत्तर देणारा मनुष्य फिर्याद न ऐकताच फिर्यादीला शिक्षा ठोठावणाऱ्या मामलेदारासारखा वागतो.

वेदनेचे कारण नाही अशी खात्री झाल्यावर तपासणीचा रोख स्वारावर वळला पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये ‘हुशार हान्स’ या नावाने गाजलेला एक घोडा खुरांनी टापा देऊन गणिते सोडवितो अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ओस्कर प्फुंग्स्ट याने सिद्ध केले की तो प्रश्नकर्त्याच्या देहाची सूक्ष्म, त्याच्या स्वतःच्याही ध्यानात न येणारी हालचाल वाचीत असे. समोर उभ्या माणसाच्या डोक्याचे ओझरते हलणे जो टिपतो, त्याला पाठीवर बसलेल्या माणसाचा आवळलेला गुडघा कळणार नाही काय? स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, घोडा घेऊन जाणाऱ्या वा त्यावर स्वार असलेल्या माणसांना सांगण्यात आले की या खेपेस वाटेत एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, परंतु त्या नुसत्या अपेक्षेने माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांबरोबर घोड्यांचेही वाढले. बोळात श्वास रोखून, बोटे लगामावर घट्ट आवळून, रिकिबीत टाचा वर उचलून बसलेली स्वार आपल्या घोड्याला न बोलता हेच सांगत असते की पुढे संकट आहे. घोडा तिच्यावर विश्वास ठेवतो, एवढाच त्याचा अपराध.

या मूळ कारणांना हात न लावता बाजारात जे उपाय विकले जातात त्यांविषयी थोडक्यात लिहिणे पुरे. जेरबंद अधिक आखडून घोड्याचे डोके वर येऊ न दिल्याने भय कमी होत नाही, ते दिसेनासे मात्र होते. अधिक कठोर लोखंड तोंडात घातल्याने वेदनेच्या भयात खरीखुरी वेदना मिळविली जाते. मॅग्नेशियम इत्यादींच्या पुड्यांनी आहारातील उणीव असल्यास ती भरून निघेल, परंतु बोळाची शिकलेली दहशत कोणतीही पुडी विसरायला लावीत नाही. गुंगी आणणारी औषधे तर अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनसारख्या संस्थांच्या नियमांतही निषिद्ध आहेत, आणि तसा नियम नसता तरी भरधाव वेगात वळणाऱ्या, पायांवरचा ताबा सैल झालेल्या घोड्यावर माणूस बसविणे हे त्या माणसाच्या जिवाशी खेळणे आहे.

खरा मार्ग संथ आहे, पण तो अज्ञात नाही. घरच्या मैदानात आकृतीचे काम बहुतांशी साध्या पावलांनी आणि दुडक्या चालीने व्हावे. घोड्याला वळण कळावे ते सावकाश कळावे, आणि वेगाची मागणी क्वचित व्हावी. एखाद्या दिवशी पहिल्या पिंपापाशी नेऊन नुसते उभे करावे, लगाम सैल सोडावा, आणि त्याची मान खाली आली की पाठीवरून उतरून तंग ढिला करावा, म्हणजे पिंप हे विसाव्याचेही ठिकाण आहे हे त्याला उमजेल. परक्या मैदानांवर त्याला स्पर्धेत नाव न घालता न्यावे. दिवे, ध्वज, गर्दी, ध्वनिक्षेपक यांच्या सान्निध्यात त्याला वैरण खाऊ द्यावी, आणि जेथे मुख्य स्पर्धेपूर्वी सरावाच्या फेऱ्यांची मुभा असते तेथे पैसे भरून बोळातून पावलापावलाने आत जावे, आकृती चालत पुरी करावी आणि चालतच बाहेर यावे. ज्या घोड्याचा बोळ दहा वेळा शांततेत गेला त्याला अकराव्या वेळची दौड बिघडवीत नाही. ज्याचा प्रत्येक बोळ दौडीतच संपला त्याला कोणतीही दौड सोसवत नाही. स्पर्धेच्या दिवशी वेळेच्या पुष्कळ आधी पोचावे, धावण्यापूर्वी थोडी लसूणघास द्यावी म्हणजे आम्लाचा दाह आवरतो, अंग सावकाश मोकळे करावे, आणि आपली पाळी येईपर्यंत बोळाच्या तोंडाशी घिरट्या न घालता दूर कोठेतरी स्वस्थ उभे राहावे. धाव संपल्यावर घोड्याला हिसका मारून थांबवू नये. वेग आपोआप ओसरू द्यावा आणि श्वास बसेपर्यंत चालवावे, कारण पुढच्या स्पर्धेची आठवण तो या क्षणापासूनच बांधू लागतो.

याला शेवटची हरकत व्यवहाराची घेतली जाते: प्रवेशशुल्क भरलेले असते, इंधनाचा खर्च झालेला असतो, हंगाम थोडा आणि बक्षिसावर संसार अवलंबून, तेव्हा एवढा धीर कोणाला परवडतो? ही हरकत करणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांविषयी मला आदर आहे. परंतु जमाखर्च मांडावयाचाच तर तो पुरा मांडावा. बोळात अडून राहिलेल्या घोड्याचे प्रवेशशुल्क परत मिळत नाही. पाडलेल्या पिंपाला इंधनाच्या खर्चाची दया येत नाही. आणि दर दोन-तीन वर्षांनी बिघडलेला घोडा विकून नवा घोडा घडविण्यात जी रक्कम व जी वर्षे जातात त्यांपुढे एका हंगामाचा संयम अगदी स्वस्त पडतो. स्कॅम्पर दहा वर्षे जिंकत राहिला. ज्याचे शरीर आणि चित्त जपले जाते असाच घोडा इतका काळ टिकतो, आणि या व्यवसायात टिकणे हीच खरी मिळकत आहे.

घोडा अंगात बाळगतो तो वेग त्याला स्वाराने दिलेला नसतो. तो त्याच्या रक्तातच असतो, आणि स्वाराचे काम त्या वेगाच्या वाटेतील भय, वेदना आणि संभ्रम दूर करण्याचे आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ग्रीक सेनानी क्सेनोफन याने अश्वविद्येवरील आपल्या ग्रंथात, रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, असे निक्षून बजावले, आणि तेव्हापासून ज्यांनी घोडा खरोखर जाणला त्यांपैकी कोणीही याहून वेगळे सांगितलेले नाही. म्हणून पुराव्याचा भार यापुढे शांततेचा पुरस्कार करणाऱ्यांवर टाकणे न्याय्य नाही. जो आपल्या घोड्याला फटके मारून बोळात ढकलतो त्यानेच आता दाखवून द्यावे की त्या फटक्यांनी वळण आखूड झाले, पिंप उभे राहिले आणि घोडा पुढच्या हंगामापर्यंत टिकला. हे दाखविता येत नाही तोवर ‘घोडा तापटच हवा’ हे वाक्य अनुभवाचे सार म्हणून नवख्यांना सांगण्याचा त्याला कसलाही अधिकार नाही.